दारू न पिण्याबद्दल मोबाइलवर बक्षीस! याचा खरंच उपयोग होतो का?

स्ट्रीक, कॅशबॅक, स्क्रॅच कार्ड... फोन आपल्याला चिकटवून ठेवतो तो अशी छोटी बक्षिसं लगेच देऊन. हीच युक्ती दारू कमी करायला वापरली तर?

अडचण तपासण्याची होती. श्वासातली दारू काही तासांत निघून जाते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा चाचणी हवी. त्यासाठी चोपड्याहून रोज जळगावला कोण जाणार? इथे मोबाइल कामाला आला. अमेरिकेत अलेसी आणि पेट्री यांनी २०१३ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना फोन आणि ब्रेथअॅनालायझर दिलं. मेसेज आला की यंत्रात फुंकायचं आणि तेव्हाच स्वतःचा व्हिडिओ काढायचा, म्हणजे दुसऱ्याने फुंकायची सोयच नाही. चाचणीत दारू आढळली नाही, तर बक्षीस. या गटाच्या सुमारे ८७ टक्के चाचण्या कोऱ्या आल्या. दारू न पिण्याचं बक्षीस नसलेल्या गटात ६७ टक्के. प्रयोगात माणसं मात्र फक्त ३० होती आणि मुदत चारच आठवडे.

आपल्याला जास्त जवळचा प्रयोग चेन्नईचा. फ्रँक शिलबाख यांनी २२९ सायकलरिक्षावाल्यांबरोबर तो तीन आठवडे केला. तिथे अॅप नव्हतं, संध्याकाळी ऑफिसात येऊन फुंकायचं. प्यायलेला असेल तर ६० रुपये, शुद्धीत असेल तर १२०. दिवसाचं पिणं कमी झालं आणि बचत चांगलीच वाढली. पण एकूण दारू फारशी घटली नाही, काहींनी ती रात्रीवर ढकलली! मला मात्र वेगळीच गोष्ट मोठी वाटते: बिनअटीचे जास्त पैसे मिळत असूनही अनेकांनी ‘शुद्धीत असेन तरच द्या’ हा पर्याय मागून घेतला. म्हणजे पिणाऱ्यालाही लगाम हवा असतो.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेने नुसत्या मेसेजवर चालणारी ‘अमेंड’ ही पद्धत तयार केली. त्यात साधा फोनही चालतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्कची जी तऱ्हा आहे ती पाहता हे महत्त्वाचं.

घरी करून बघायचंय? समजा काका केळीच्या गाड्या भरतात. अट काकांनीच ठरवायची, तुम्ही पोलीस व्हायचं नाही. न प्यायलेल्या दिवशी ठरलेली रक्कम लगेच यूपीआयने काकूंच्या खात्यात किंवा पोरांच्या फीसाठी जाऊ द्या. महिनाअखेरचं बक्षीस डोक्याला कळतं, पण संध्याकाळी सहाच्या तलफेला नाही. स्वस्त यंत्रावर फार विसंबू नका; नुकत्याच वापरलेल्या माउथवॉशनेही आकडा चढतो.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने बक्षिसासाठी एकदम दारू तोडली तर हात थरथरणं, भास, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे.