बंदरावरील एक दिवस : काय पाहावें, काय सोडावें

आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्र ओलांडून आलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त घ्यावें लागे. आज आपल्या ओळखीचीं किती तरी कुटुंबें भूमध्यसमुद्राची जलयात्रा, जिला 'क्रूझ' म्हणतात ती, करून येतात आणि त्यांना कोणी पंचगव्य पाजीत नाहीं. तथापि स्वानुभवानें मला असें म्हणावेंसें वाटतें कीं, या यात्रेंतही एक प्रायश्चित्त आहे. तें समुद्र ओलांडल्याचें नसून बंदरावर उतरल्यानंतरची सहल अविचारानें निवडल्याचें आहे. गेल्या वर्षीं तें मला घडलें, आणि माझ्या चुकीचें फळ दुसऱ्यालाच भोगावें लागलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

या यात्रेचा क्रम असा असतो. जहाज बहुधा रात्रीं चालतें, सकाळीं एखाद्या बंदरास लागतें व सायंकाळीं पुन्हां निघतें. मधले आठदहा तास प्रवाशाचे. ते घालविण्याचे मार्ग तीन. जहाजाच्या कंपनीनें योजलेली सहल घ्यावी. स्थानिक वाटाड्या व मोटार आपण ठरवावी. किंवा आगगाडीनें अथवा पायीं स्वतःच हिंडावें. पहिला मार्ग बहुधा महाग पडतो, परंतु त्यांत एक अभय आहे. कंपनीच्या सहलीस परतण्यास उशीर झाला तर जहाज सामान्यतः थांबतें. स्वतंत्रपणें गेलेल्यासाठीं तें थांबत नाहीं. मागें राहिलेल्यास पुढचें बंदर स्वखर्चानें गाठावें लागतें. म्हणून दूर जावयाचें तर कंपनीची सहल, आणि बंदराला लागूनच असलेल्या शहरांत आपले पाय, हा नियम मला योग्य वाटतो.

आमच्या मंडळींत आम्ही उभयतां, मुलगा, सून व दोन नातवंडें अशीं सहा माणसें होतीं. सहली घरूनच ठरवावयाच्या होत्या आणि तें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. जन्मभर वर्गांत रोमचा इतिहास सांगितला. आतां तो एका दिवसांत डोळ्यांखालून घालावा या मोहानें मीं सर्वांत भरगच्च सहल निवडली. मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या माझ्यासारख्यानें तेथेंच पाटी पुढें ओढावयास हवी होती. रोमसाठीं जहाज लागतें तें चिव्हितावेक्किया बंदरास. तें शहरापासून सुमारें ७० किलोमीटर दूर. जाण्यास दीड तास, येण्यास दीड तास. उतरणें, माणसें मोजणें व जेवण यांत आणखी दोन. दहांतून पांच गेले, पांच उरले. त्या पांच तासांत सेंट पीटरचें भव्य मंदिर, इ. स. ८० मध्यें खुलें झालेलें कलोसियम, कारंजीं, चौक, सारें पाहावयाचें होतें.

आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे दुखरे. माहितीपत्रकांत 'चालणें : पुष्कळ' असें स्पष्ट छापलें होतें. मीं तें वाचलें होतें, आणि 'जमेल हळूहळू' असें मनाशीं म्हणून, तिला न विचारतांच, पैसे भरले होते. दुपारीं कलोसियमपाशीं ती म्हणाली, "तुम्ही सारीं जाऊन या. मी गाडींतच बसतें." आम्ही गेलों. वाटाड्याच्या उंच धरलेल्या छत्रीमागून धांवतां धांवतां मीं काय पाहिलें तें आज मला सांगतां येणार नाहीं. रात्रीं जहाजावर तिनें हंसत विचारलें, "घरीं गेल्यावर रोम कसें होतें म्हणून कोणीं विचारलें तर काय सांगूं? खिडकी स्वच्छ होती, म्हणूं?" तिच्या बोलण्यांत रोष नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं नेपल्स. तेथें सहाही जणांसाठीं पाँपेईची सहल ठरलेली होती. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेलें हें नगर बंदरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. १७४८ पासून तेथें उत्खनन चालू आहे. परंतु तेथील रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड शिळांचे. दुखऱ्या गुडघ्यांस ते कसे मानवावे? त्या रात्रीं आम्ही सारीं एकत्र बसलों. नात म्हणाली, "आजोबा, सगळ्यांनीं एकाच ठिकाणीं गेलेंच पाहिजे का?" एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मला हा प्रश्न प्रथम खटकला. एका पंक्तीस बसणारीं माणसें दोन दिशांना कशीं जावीं? पण विचारान्तीं पटलें कीं, पंक्ति रात्रीची. दिवसभर ज्याला जें झेपेल तें त्यानें पाहावें. सहल रद्द करण्याची मुदत टळून गेली होती, त्यामुळें आम्हां दोघांचे पैसे बुडाले. ते बुडूं दिले.

मुलें पाँपेईस गेलीं. नेपल्सचें बंदर शहराच्या कुशींतच आहे. आम्ही दोघें भाड्याच्या मोटारीनें तेथील पुराणवस्तुसंग्रहालयांत गेलों. (हें मंगळवारीं बंद असतें, आमचा वार सुदैवानें गुरुवार होता.) पाँपेईंत सांपडलेल्या मौल्यवान् वस्तु येथें ठेविल्या आहेत. त्यांतच १९३८ सालीं तेथील एका घरांत मिळालेली, सुमारें वीतभर उंचीची, हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. कमरेस मेखला, हातांत बांगड्यांच्या राशी, बाजूंस दोन लहान परिचारिका. तिला प्रथम लक्ष्मी मानलें गेलें; ती यक्षी असावी असें आतां अनेक विद्वान् म्हणतात. ती भारतांत घडली याविषयीं मात्र वाद नाहीं. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ति आपल्याकडे तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत, आणि हीही भोकरदनच्या बाजूची असावी असा एक तर्क आहे.

भोकरदन जालना जिल्ह्यांतलें. आणि जालना जिल्हा म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचें आजोळ. ती त्या कांचेसमोर किती वेळ उभी राहिली तें मीं मोजलें नाहीं. मग बाकावर बसून मीं तिला प्लिनी या रोमन पंडिताची हकीकत सांगितली. भारतीय मालापायीं रोमचें द्रव्य दरवर्षीं भारतांत वाहून जातें अशी त्यानें तक्रार लिहून ठेविली आहे, आणि ज्या उत्पातांत ही मूर्ति गाडली गेली त्याच उत्पातांत, त्याच किनाऱ्यावर, तो स्वतः मृत्यु पावला. संस्कृतांतील 'दीनार' शब्दही रोमच्याच 'डिनारियस' नाण्यावरून आलेला. ती म्हणाली, "म्हणजे आमच्याकडची बाई तुमच्या रोमकरांच्या घरीं नांदत होती कीं!" काल गाडींत राहिलेलें रोम आज तिला असें भेटलें.

या अनुभवानंतर पुढील प्रत्येक बंदरापूर्वीं आम्ही तीन प्रश्न विचारूं लागलों. पहिला, जाण्यायेण्याचा वेळ वजा जातां हातीं उरतें किती? लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारें ९० किलोमीटर, पण पिसा पंचविसाच्या आंतबाहेर. उलट माल्टाच्या व्हॅलेटा शहराचा तट बंदरावरच उभा आहे. २०१२ पासून तेथें एक उंच उद्वाहक असून तो प्रवाशास थेट वरच्या बागेंत नेऊन सोडतो. दुसरा प्रश्न, सर्वांत अशक्त माणसाच्या पायांस हें झेपेल का? सँटोरिनी बेटावर जुन्या धक्क्यापासून गांवापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत. तारेवरचा पाळणा आहे, पण त्यास रांग लागते. अथेन्सला मुलें ॲक्रॉपोलिस चढलीं. आम्ही पायथ्याच्या, २००९ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत निवांत बसून कांचेंतून पार्थेनॉन पाहिलें. तिसरा प्रश्न, त्या दिवशीं तें स्थळ उघडें आहे का, व आंत जाण्याचे नियम काय? व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारीं बंद असतात. फ्लॉरेन्सची उफीझी सोमवारीं. सेंट पीटरच्या मंदिरांत खांदे व गुडघे झांकलेले लागतात; आपल्या साडीस तेथें अडचण पडत नाहीं.

पत्रकांतील 'विहंगम दर्शन' या शब्दाचा अर्थही आधींच विचारून घ्यावा. तो बहुधा 'गाडींतून न उतरतां' असा असतो. घड्याळ जहाजाच्या वेळेशीं जुळवून ठेवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यांच्यासाठीं सहल ठरवावयाची त्यांना आधीं विचारावें. हें मला साठी उलटल्यावर कळलें.

त्या दिवशीं सायंकाळीं मुलें पाँपेईहून धुळीनें माखून आलीं. दगडी रस्त्यांत गाड्यांच्या चाकांनीं पडलेल्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडण्यासाठीं ठेविलेल्या उंच शिळा, सारें एकाच दमांत सांगूं लागलीं. त्यांचें संपल्यावर नातीनें विचारलें, "आणि आजी, तूं काय पाहिलेंस?" आजीनें पदर सावरला आणि सांगावयास सुरुवात केली. जेवण थंड होऊन गेलें तरी कोणी उठलें नाहीं.