तंजावर: मराठी विद्येचे दक्षिणेतले माहेर

तंजावरच्या भोसल्यांचा विषय निघाला की आपले बोलणे बहुधा व्यंकोजीराजे आणि शिवछत्रपतींचा दक्षिण दिग्विजय यांपाशीच थांबते. त्यापुढची पावणेदोनशे वर्षे आपण वाचतच नाही. मराठीतल्या ज्ञानव्यवहाराचा एक विलक्षण काळ या वर्षांत घडून गेला, म्हणून ही उपेक्षा फार खटकते.

दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख आणि महसुलातला ठरावीक वाटा एवढेच उरले. असे तैनाती राजे त्या काळी पुष्कळ होते. सरफोजींनी मात्र हाती राहिलेला पैसा आणि वेळ शाळा, ग्रंथ, औषधे आणि यंत्रे यांवर लावला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांना लहानपणी शिकवले होते. त्यातून युरोपीय विद्येची गोडी लागली, पण ती विद्या त्यांनी आपल्या मातीत रुजवली.

‘देवेंद्र कोरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक त्याचा उत्तम दाखला आहे. कोरवंजी हा तमिळ प्रदेशातला लोकप्रिय नाट्यप्रकार. विरहाने व्याकूळ झालेली नायिका, मग डोंगरातून आलेली, हात पाहून भविष्य सांगणारी भटकी बाई आणि तिने केलेले आपल्या मुलखाचे वर्णन, असा त्याचा साचा. सरफोजींनी साचा तोच ठेवला. नायिका झाली इंद्राणी, आणि त्या भटक्या बाईच्या तोंडी आला जगाचा भूगोल. युरोप, आफ्रिका, अमेरिका अशी खंडे नि देश ती गाऊन सांगते. नवे शास्त्र लोकांच्या ओळखीच्या चालीवर बसवण्याची ही युक्ती मला त्यांच्या साऱ्या कामांत सर्वांत मोलाची वाटते. शिवाय हे सारे मराठीत, तेही पुण्या-मुंबईत नव्या शाळा निघण्याच्या आधी!

राजवाड्यातल्या त्यांच्या छापखान्याने १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ काढली. इसापनीतीचा हा मराठी अनुवाद आपल्या भाषेतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक आहे. त्यांच्या ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना शिक्षणही.

सरफोजींच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदत होते. अनुभवाला उतरलेली औषधे तमिळ पद्यांत बांधून ठेवली गेली. सरफोजींना विशेष आस्था होती ती नेत्ररोगांची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत, आणि रुग्णांची हकीकत लिहून ठेवली जाई. डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेले यातले कागद आजही पाहता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णाची अशी चित्रांसह नोंद ठेवणे हे खऱ्या संशोधकाचे लक्षण होते.

भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालयात अफाट वाढवला. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला गेले, तेव्हा तिथूनही हस्तलिखिते आणली. त्यांच्या सहीची इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तके इथल्या मराठी-तमिळ पोथ्यांच्या शेजारी आहेत.

संगीताबद्दल लिहायचे तर वेगळा अंकच काढावा लागेल. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्याचा आजचा क्रम घडवला, तो याच दरबाराच्या आश्रयाने. मराठी कीर्तनाने तर तमिळ हरिकथेला रूप दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतरांनी ती घडवली, तेव्हा आपल्या साकी, दिंडी, ओवी त्यात थेट उतरल्या.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राण्यांचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, पण राज्य परत मिळाले नाही. ग्रंथालय तेवढे सुखरूप राहिले. बर्नेल या अधिकाऱ्याने तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये छापली, आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

तिथल्या मराठी पोथ्याच हजारोंच्या घरात आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसल्यांचा इतिहास देवनागरीत असल्याने आपल्याला वाचता तरी येतो; दरबाराचे कागद मात्र मोडी लिपीत आहेत. खर्च, नेमणुका, औषधे, नाटकमंडळ्या यांची माहिती त्या कागदांच्या रुमालांत बांधलेली आहे. तमिळ अभ्यासक कष्टाने मोडी शिकून ते कागद वाचत आहेत. आपल्या विद्यापीठांनी दरवर्षी निदान चार-दोन मोडी जाणणारे विद्यार्थी शिष्यवृत्ती देऊन तंजावरला पाठवावेत, आणि त्यांनी वाचलेले मराठीत छापावे.