घराचे नुकसान व विम्याची भरपाई

आम्ही व्यापारी दुकानातील पै न् पै वहीत मांडतो. परंतु राहत्या घराच्या विम्याचा कागद कपाटात न वाचताच पडून असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, सांगली, कोल्हापूर या भागांत महापूर आला. असा प्रसंग ओढवला म्हणजे त्या कागदातील शब्दाशब्दाला मोल येते.

विमा कंपनीशी वाद होतो तो बहुधा दोन बाबतींत. पहिली बाब कारणाची. पुराच्या पाण्याने भिंत खचली तर भरपाई मिळते. वर्षानुवर्षांच्या ओलीने ती पोखरली गेली असल्यास मिळत नाही. म्हणून पाणी ओसरताच, साफसफाईपूर्वी, छायाचित्रे घ्यावीत आणि कंपनीस लेखी कळवावे.

दुसरी बाब रकमेची. वीस लाखांचे घर दहा लाखांस उतरविले आणि चार लाखांची हानी झाली, तर सरासरीच्या कलमान्वये दोनच लाख हाती येतात. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात मात्र ही कपात नाही. विम्याच्या रकमेच्या मर्यादेत पूर्ण हानी भरून मिळते. आपला विमा कोणता, हे आधी पाहावे.

सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे. गवंड्याचे अंदाजपत्रक व खरेदीच्या पावत्या जोडून आपले म्हणणे मांडावे. कपात मान्य नसल्यास ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर घाईने सही करू नये.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर न पटल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. बेळगावकरांसाठी हे कार्यालय बेंगळुरूस, गोमंतकीयांसाठी पुण्यास, तर इंदूर-ग्वाल्हेरच्या बंधूंसाठी भोपाळला आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. त्याची मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण चालू असता लोकपाल ते हाती घेत नाहीत, हे ध्यानी ठेवावे.

तात्पर्य, तोंडी आश्वासनावर आम्ही माल उधार देत नाही. मग घराचा प्रश्न तरी तोंडी बोलण्यावर का सोडावा? प्रत्येक पत्राची पोच घ्यावी, तारीख टिपावी आणि मुदत चुकवू नये.