दाबाला वाट

टर्बोच्या गाडीत ॲक्सिलेटरवरून पाय उचलला की इंजिनाला हवा नको असते, पण टर्बो ती रेटतच राहतो. त्याचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत असतं, ते लगेच थांबणार कसं? पुढे थ्रॉटल मिटलेला आणि मागून दाबाची हवा येतच असते. घोडच्या कालव्याला आवर्तन चालू असताना चारीचं दार एकदम पाडलं, की पाणी मागे तुंबून भराव फोडायला बघतं. इथे हवेचं तेच होतं. ती उलटी फिरून टर्बोच्या पात्यांवर येते, फडफड ऐकू येते, चाकाचा वेग पडतो आणि बेअरिंगवर नाहक ताण येतो. या कोंडलेल्या हवेला वाट करून देणारी झडप म्हणजे डम्प व्हॉल्व्ह.

शिरूर तालुक्यात हा विषय परका नाही. रांजणगाव एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यातूनच लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो या टर्बो पेट्रोल गाड्या बाहेर पडल्या. लिनिया टी-जेट २०१० साली आली. तिचं इंजिन १,३६८ सीसीचं, ताकद ११४ पीएस. २०१५च्या अबार्थ पुंटोत त्याच जातीचं इंजिन १४५ पीएसपर्यंत नेलं होतं. दोन्ही गाड्या बंद झाल्या, पण हौशी मालक त्या जिवापाड सांभाळतात. शिरूरजवळच्या एका गॅरेजात अशीच एक लिनिया उभी होती. एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या तिच्या तरुण मालकाने डम्प व्हॉल्व्हचं किट आणलं होतं. गिअर बदलताना ‘सुस्स’ असा आवाज यावा, ही त्याची इच्छा.

मिस्त्रींनी किट बाजूला ठेवलं आणि आधी कंपनीचा जुना व्हॉल्व्ह तपासायला घेतला. टर्बोच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत अशी झडप मुळातच असते, फक्त ती हवा बाहेर न सोडता परत टर्बोच्या तोंडाशी पाठवते. इंजिन थंड होऊ दिलं, वरच्या नळ्या सोडवल्या आणि अरुंद जागेत हात घालून व्हॉल्व्ह बाहेर काढला. वरच्या निपलला हातपंप लावून व्हॅक्यूम ओढला. काटा चढला आणि लगेच खाली घसरला. “पडदा फाटलाय दादा,” मिस्त्री म्हणाले. “दाब इथूनच पळतोय. पिकअप गेल्याचं तूच सांगत होतास ना?” प्लास्टिकच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा उष्णतेने वर्षानुवर्षं शिजतो आणि चिरतो. धातूचा, पिस्टनचा व्हॉल्व्ह बसवायला हे खरं कारण होतं.

नव्या व्हॉल्व्हचं काम समजायला सोपं आहे. पिस्टनच्या खालून टर्बोचा दाब येतो. वरच्या बाजूला स्प्रिंग असते आणि इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून आलेली बारीक नळी. गाडी ओढत असते तेव्हा वर-खाली दाब सारखाच, म्हणून स्प्रिंग पिस्टनला खाली दाबून ठेवते. पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, वरून ओढ आणि खालून रेटा मिळून पिस्टन उचलला जातो, हवा सुटते. म्हणून ही बारीक नळी कुठून घ्यायची याला सगळ्यात महत्त्व. मिस्त्रींनी ती थ्रॉटलच्या पलीकडून, थेट मॅनिफोल्डवरून घेतली आणि शक्य तितकी आखूड ठेवली. लांब नळीत संदेश उशिरा पोचतो.

मग आवाजाचा प्रश्न आला. मालकाला हवा बाहेर सोडायची होती. “सोडू मामा, एवढ्याने काय होतंय?” मिस्त्रींनी शांतपणे समजावलं. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी असतो, तिथे मोजून आत घेतलेली हवा बाहेर सोडली तर संगणकाला ते कळत नाही. तो नसलेल्या हवेसाठी पेट्रोल देतो, मिश्रण जाड होतं, प्लग काळे पडतात, गाडी थांब्यावर बंदही पडते. टी-जेटचा हिशेब मॅनिफोल्डमधल्या दाबावरून चालतो, तिला हा त्रास कमी. पण दुसरा धोका राहतो. स्प्रिंग मऊ असली तर स्टार्टिंगवर उभ्या गाडीतही पिस्टन उघडा राहतो आणि बाहेरची हवा फिल्टर न होता आत ओढली जाते. आपल्याकडच्या फुफाट्याच्या रस्त्यांवर ती धूळ थेट इंजिनात जाणार. शेवटी परतीची नळी जोडायची ठरली. डिझेल गाड्यांत बहुधा थ्रॉटलने हवा अडवतच नाहीत, त्यामुळे स्कॉर्पिओ-बोलेरोला लावलेलं किट निव्वळ आवाजासाठीच असतं, हेही त्यांनी सांगून टाकलं.

पिस्टनला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, क्लिपा नव्या घातल्या. टर्बोच्या तोंडाला बूच बसवून कॉम्प्रेसरने जेमतेम अर्धा बार हवा भरली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. एका जोडावर बुडबुडे दिसले, ती क्लिप सोडून पुन्हा सरळ बसवली.

चाचणी न्हावरे, पारगावमार्गे चौफुल्यापर्यंत, म्हणजे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या रस्त्यावर सतत भेटतात. मागे राहायचं, मोकळा रस्ता दिसला की ओढायचं, पाय उचलून गिअर टाकायचा, पुन्हा ओढायचं. व्हॉल्व्हची खरी परीक्षा हीच. सुरुवातीला पाय उचलताच बारीक फडफड आली. स्प्रिंग कडक होती. रस्त्याकडेला थांबून मिस्त्रींनी झाकण उघडलं, स्प्रिंगखालचा एक वायसर काढला. त्यानंतर फडफड गेली, आणि गिअर टाकल्यावर ओढ पूर्वीपेक्षा लवकर परत मिळू लागली. मालकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं; आवाज त्याने मागितला होता त्याहून बराच कमी होता, तरी.

या व्हॉल्व्हने इंजिनाची ताकद वाढत नाही. फाटलेल्या व्हॉल्व्हमुळे गेलेली ताकद तेवढी परत मिळते आणि टर्बोचं आयुष्य राखलं जातं. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाला धक्का लावणाऱ्या बदलांना आळा घालतं, आणि गाडी वॉरंटीत असेल तर तोही प्रश्न उभा राहतो. म्हणून किट मागवण्याआधी जुन्या व्हॉल्व्हला हातपंप लावून घ्या, आपली गाडी हवा कुठे मोजते ते विचारा, आणि परतीच्या नळीचाच आग्रह धरा. या तीन गोष्टी गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच बघणारा मिस्त्री भेटला, तर गाडी निर्धास्त त्याच्या हाती द्यावी.