चोवीस आणि साठचं जुनं भांडण

१९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले आणि सेकंदाला २४ फ्रेम हा सिनेमाचा वेग पक्का झाला. मूकपटात हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर वेग ठरायचा, आवाजाची जोड मिळाल्यावर ती ढिलाई चालेना. टीव्हीने मात्र आपला वेग घरातल्या विजेकडून घेतला. अमेरिकेत ६० हर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ५०. पुढची सगळी डोकेदुखी या दोन निर्णयांत दडलेली होती.

साठाला चोवीसने पूर्ण भाग जात नाही. म्हणून अमेरिकेत एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवायची असा तोडगा निघाला. कॅमेरा संथपणे आडवा फिरू लागला की चित्र लंगडतं ते यामुळेच. ५० हर्ट्झवाल्यांनी सिनेमा सरळ २५ फ्रेमने पळवला. हालचाल सुरळीत, पण तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपणार आणि गाण्याची पट्टी चढणार. तयार कानाला हे खटकतंच. त्यात १९५३च्या अमेरिकी रंगीत टीव्हीने ६०चे ५९.९४ केले, आणि त्या हिशेबात सिनेमाचा आकडा २३.९७६ झाला.

२००६ साली ब्लू-रे आली. डिस्कवर सिनेमा मूळ वेगातच असल्याने आता टीव्हीने तो तसाच स्वीकारायचा होता. पायोनियरच्या ‘कुरो’ प्लाझ्मा टीव्हींनी ७२ हर्ट्झ धरले, म्हणजे प्रत्येक फ्रेम तीनदा. पुढे १२० हर्ट्झचे पडदे आले. त्यात २४ आणि ६० दोन्ही नीट बसतात.

या काळातले खरे शिलेदार म्हणजे टीव्हीला कॉम्प्युटर जोडणारे हौशी लोक. आज ‘कोडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एक्सबीएमसीमध्ये व्हिडिओ पाहून पडद्याचा रिफ्रेश रेट आपोआप बदलण्याची सोय २०१०च्या सुमारास होती. त्याच सुमारास इंटेलच्या ग्राफिक्सचा घोळ गाजला. २३.९७६ऐवजी त्यातून नेमके २४ हर्ट्झ बाहेर पडत. फरक नगण्य वाटतो, पण साधारण दर ४० सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागे आणि चित्राला बारीकसा हिसका बसे. घरातल्या बाकीच्यांना तो दिसतही नसे. ज्याला एकदा दिसला, तो मात्र सिनेमा सोडून पुढच्या हिसक्याची वाट बघत बसायचा! ‘रीक्लॉक’ नावाचं सॉफ्टवेअर आवाजाचा वेग कणभर बदलून हा फरक मिटवायचं.

मग स्ट्रीमिंगचे डबे आले आणि गाडी पुन्हा मागे गेली. मेनू ६० हर्ट्झचा, म्हणून सिनेमाही ६०तच. ॲपल टीव्ही ४के सप्टेंबर २०१७मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात फ्रेम रेट जुळवण्याची सोयच नव्हती. ओरड झाली आणि डिसेंबरच्या अपडेटमध्ये ती आली. अँड्रॉइडला त्यासाठी २०२१ उजाडलं. दरम्यान टीव्ही कंपन्या मधल्या फ्रेम स्वतःच रचून सिनेमाला दैनंदिन मालिकेची कळा आणत होत्या. २०१८मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून ते बंद करायला सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी टीव्हीतली ही कारागिरी बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला.

आपल्याकडे हा प्रश्न सिनेमापेक्षा क्रिकेटमध्ये जास्त जाणवतो. प्रक्षेपण ५०चं आणि डबा ६०वर अडलेला असेल, तर सेकंदाला दहा फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा धावतो तेव्हा मैदान थरथरतं. लोक इंटरनेटला दोष देतात, पण इथे त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

वेग बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, हे फ्रेम रेट जुळवण्याची सोय नको असणाऱ्यांचं नेहमीचं कारण. २०१७च्या एचडीएमआय २.१मध्ये त्यावरही उपाय आहे, पण तो डबा आणि टीव्ही दोघांनाही यावा लागतो. अडीच तासांच्या लंगडण्यापेक्षा सुरुवातीचा दोन सेकंदांचा काळोख मला तरी चालतो. तरीही बहुतेक डब्यांत ही सोय सेटिंगच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर, आणि बरेचदा बंदच ठेवलेली असते.