नमुन्याबाहेरची माणसे

संख्याशास्त्राचा पहिला पाठ देताना वर्गात एक जुनी हकीकत हटकून सांगावी लागते. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा कौल अजमावण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि लँडन निवडून येणार, असे भाकीत वर्तविले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते ते प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्यापाशी या वस्तू नव्हत्या, ते मोजणीतून सुटले. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे लोक, ती न घेणाऱ्यांहून निराळे होते. नमुना मोठा असला म्हणजे तो प्रातिनिधिक असतोच असे नाही, हा त्यातील धडा.

हा धडा आज आठवण्याचे कारण, मानसिक विकारांवरील उपचारांच्या चाचण्या. नैराश्यावरील नवे औषध किंवा समुपदेशनाची नवी पद्धत गुणकारी आहे की नाही, हे ठरविण्यासाठी स्वखुशीने सहभागी होणारे रुग्ण लागतात आणि ते पुरेसे मिळत नाहीत, ही संशोधकांची जुनी तक्रार. इंटरनेटने ती बरीच हलकी केली आहे. जाहिरात द्यावी, प्रश्नावली ठेवावी, की हजारो लोक घरबसल्या नावे नोंदवितात. प्रवासाचा खर्च नाही आणि दवाखान्याच्या दारात ओळखीचे कोणी पाहील ही धास्तीही नाही. मनाच्या आजारात ही दुसरी सोय लहान नव्हे.

प्रश्न एवढाच की, ही नावे कोणाची असतात? ब्रिटनमध्ये २०१८ साली ‘ग्लॅड’ या नावाने एक मोठी नोंदवही सुरू झाली. नैराश्य वा चिंताविकार अनुभवलेल्या आणि पुढील संशोधनासाठी पुन्हा बोलावता येईल अशा लोकांची ही नोंदणी मुख्यतः इंटरनेटवरून झाली आणि थोड्याच काळात हजारो जण पुढे आले. उपक्रम स्तुत्यच होता. परंतु आलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, नव्वद टक्क्यांहून अधिक लोक श्वेतवर्णीय होते आणि पदवीधरांचे प्रमाणही मोठे होते. दार सर्वांना उघडे होते, तरी आत आले ते ठराविक लोक.

यावर कोणी म्हणेल, रोग तो रोग; रोगी कोणत्या वर्णाचा वा वर्गाचा, याने काय फरक पडतो? पडतो. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली निम्म्यावर आणली. स्त्रियांच्या शरीरातून ते अधिक सावकाश बाहेर पडते, म्हणून. हे औषध बाजारात येऊन तोवर वीस वर्षे लोटली होती. अपस्मारावर आणि उन्माद-अवसादाच्या विकारावरही दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनची गोष्ट याहून बोलकी आहे. या औषधाने काहींच्या त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटते आणि तिचा धोका वाढविणारे एक जनुकीय लक्षण आशियातील अनेक लोकसमूहांत आढळते. युरोपीय वंशाच्या लोकांत ते जवळजवळ नाहीच. २००७ साली अमेरिकेत आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुकीय तपासणी करावी, अशी सूचना निघाली. जे लक्षण एखाद्या समूहात नाहीच, ते केवळ त्या समूहावर केलेल्या चाचणीत दिसणार कसे?

समुपदेशनाच्या बाबतीत तर भाषा आणि परिस्थिती हाच उपचाराचा कच्चा माल. ‘मी उदास आहे’ असे न म्हणता ‘अंग जड वाटते, छातीत धडधडते, झोप येत नाही’ असे म्हणणारी माणसे आपल्या आसपास असंख्य आहेत. उदासीविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देऊन ती पहिल्याच चाळणीतून गळतात.

चाचणीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात, त्यामुळे पक्षपात टळतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. त्या पद्धतीने आलेल्या रुग्णांमधील तुलना न्याय्य होते. न आलेल्यांविषयी ती काहीच सांगत नाही.

या दोषाचे मूळ, माझ्या मते, वैद्यकशास्त्रात नसून हिशेबात आहे. जाहिरातीचे यश दरडोई खर्चावर मोजले जाते. जो चटकन बटण दाबतो तो सहभागी स्वस्त पडतो आणि जाहिरातीची यंत्रणा स्वाभाविकच तशाच माणसांना शोधत जाते. याउलट रोजंदारी बुडवून येणारा मजूर, अथवा घरातील एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असलेली गृहिणी ही महाग पडते. सरासरी खर्च कमी ठेवण्याचे बंधन घातले, की महाग माणसे आपोआप वगळली जातात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही.

महाग माणसांपर्यंत पोचता येत नाही, असे मात्र नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. तेथे रुग्णाने जाहिरात पाहून यावे, अशी अपेक्षा नव्हती. केंद्रात एरवीच्या दुखण्यासाठी आलेल्यांना प्रश्न विचारून नैराश्याचे रुग्ण शोधले गेले. समुपदेशन केले ते प्रशिक्षण दिलेल्या, पण वैद्यक व्यावसायिक नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी, आणि गरज पडेल तेव्हा रुग्णाच्या घरी जाऊनही. उपचार गुणकारी ठरला, आणि तो कोणासाठी गुणकारी ठरला हेही कळले.

तेव्हा इंटरनेट टाकून द्यावे असे नव्हे. ते दवाखान्याच्या बाकाची जागा घेऊ शकत नाही, इतकेच. प्रत्येक चाचणीच्या अंदाजपत्रकात महाग सहभागींसाठी वेगळी तरतूद हवी. बुडालेल्या रोजाची भरपाई म्हणजे आमिष नव्हे, हे नीतिसमित्यांनी मान्य करावे. ती रक्कम धोका पत्करण्याची किंमत ठरू नये, एवढी दक्षता मात्र घ्यावी. आणि निष्कर्षांबरोबर सहभागींचे वय, लिंग, भाषा, शिक्षण व उत्पन्न यांचा तक्ता ठळकपणे छापला जावा.

१९३६ साली ज्याला मतपत्रिका आली नाही, त्याने निदान मतपेटीतून आपले उत्तर दिले. चाचणीबाहेर राहिलेल्या रुग्णाला अशी मतपेटी नाही. गोळी मात्र त्याला तीच घ्यावी लागते.