हत्तीला नळी लावणारा डॉक्टर

सकाळी ८.१५. डोंबिवली. बायकांच्या डब्यात उभं राहायला जागा मिळाली की आजूबाजूचे फोन कानावर पडू लागतात. ‘डबा खाल्लास का?’, ‘आजीला त्रास देऊ नकोस हं.’ आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया याच गर्दीतल्या. मूल उठायच्या आत निघायचं आणि ते पेंगुळल्यावर घरी पोचायचं. या आयांना दोष देणं मला अजिबात पटत नाही.

९.३०. नौपाडा, ठाणे. मी खेळातून मुलांवर उपचार करते; मुलं यायच्या आधी खोली लावते. बाहुल्यांचं घर, भातुकली, डॉक्टरची पेटी, रबरी मगर, चिकणमाती, वाळूचा ट्रे. मांडणी दर आठवड्याला तीच ठेवते, कारण ज्याच्या घरात सगळंच हललंय त्याला निदान मगर तरी जागेवर सापडायला हवी. वाळूच्या ट्रेची कल्पना लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड यांची. एच. जी. वेल्स यांचं १९११ सालचं मुलांच्या जमिनीवरच्या खेळांवरचं पुस्तक त्यांच्या मनात होतं. १९२९च्या सुमारास त्यांच्या दवाखान्यातली मुलं वाळूत चिमुकल्या वस्तू मांडून आपापलं ‘जग’ उभं करू लागली. महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली बालवाडी सुरू केली. तिथे आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पानं हेच साहित्य होतं. माझ्या फळीवरही चिंचोक्यांची बरणी आहे.

१०.३०. सात वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून सगळे तपशील बदलले आहेत.) वर्गात मारामाऱ्या करतो, ही शाळेची तक्रार. आल्या आल्या त्याने सगळे प्राणी वाळूत पुरले. ‘का रे?’ असं मी विचारत नाही.

‘सगळे आत गेले,’ मी म्हणते.

‘त्यांना श्वास नाही घेता येत, ताई.’

मग डॉक्टरची पेटी उघडते. हत्तीला नळी लागते, निघते, परत लागते. मध्यंतरी त्याचे बाबा आयसीयूत होते. ‘तू लहान आहेस’ म्हणून त्याला कुणी धड काही सांगितलं नव्हतं. गेल्या काही खेपांना हत्ती दरवेळी मरत होता. आज त्याने डोळे उघडले. तेवढ्यात मूठभर वाळू माझ्या अंगावर येते.

‘राग आलाय तुला. वाळू माझ्यावर टाकायची नाही. उशीला मार.’

तो उशीला बडव बडव बडवतो. इथे नियम मोजकेच: स्वतःला इजा नाही, मला इजा नाही, मुद्दाम मोडतोड नाही. बाकी वाट त्याची. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७च्या पुस्तकात हेच सांगितलं: मूल आहे तसं स्वीकारा, पुढे त्याला चालू द्या, घाई करू नका. मोठी माणसं कुणापाशी तरी बोलून मोकळी होतात. सात वर्षांच्या पोराकडे ‘बाबा मरतील की काय’ ही भीती सांगायला शब्द कुठून येणार? हॉस्पिटलात त्याच्या हातात काहीच नव्हतं, इथे नळी त्याच्या हातात आहे. तोच प्रसंग तो पुन्हा पुन्हा खेळतो आणि दरवेळी शेवट थोडा सरकतो. शेवट सरकतच नसेल, खेळून मूल आणखी घाबरंघुबरं होत असेल, तर मात्र मला मध्ये पडावं लागतं.

११.३०. टिपणं. जे दिसलं ते लिहायचं. एका खेळावरून घरात काय घडलं याचा निवाडा करायचा नाही.

१.००. एक आजी. ‘नुसतं खेळायला पैसे?’ प्रश्न रास्त आहे, नीट उत्तर देते. खरी धास्ती वेगळीच असते. १९०१ सालापासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यामुळे ‘ठाण्याला पाठवा’ हा टोमणा ऐकतच त्यांची पिढी वाढली. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच शहरात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली, त्यानंतर हळूहळू मनाच्या दुखण्याबद्दल लोक उघड बोलू लागले. पण नातवाचा विषय निघाला की आजींचा आवाज अजूनही खाली जातो.

५.३०. कल्याण. घरी बडबडी, शाळेत अवाक्षर न काढणारी मुलगी. आज तिच्या हातातला कापडी ससा माझ्या कासवाच्या कानात काहीतरी पुटपुटला. काय ते ऐकू आलं नाही. मी परत विचारलं नाही.

७.३०. घरी. पालकांचे मेसेज. बहुतेकांचा प्रश्न एकच: ‘आम्ही काय करू?’ १९६०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी पालकांनाच शिकवून त्यांच्याकडून आठवड्याला अर्धा तास असा खेळ करून घ्यायला सुरुवात केली. २००५ साली ९३ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात पालकांनी शिकून घेतलेल्या खेळाचा परिणाम सर्वांत जास्त दिसला. म्हणून प्रत्येकाला घरी असंच खेळायला सांगते. पण त्याआधी एक सूचना: मूल स्वतःला इजा करत असेल, झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं असेल, तर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे. आणि एरवी, रविवारी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर बसा. काय खेळायचं ते मुलाला ठरवू द्या. शिकवू नका, चुका काढू नका, शाळेचा विषय काढू नका. पुढच्या रविवारी पुन्हा बसा.